दोन कमी पडले

सोमवार, तारीख नऊ
जेवणाच्या सुट्टीत

वहिनी,

वरती काय लिहायचं यातच माझी अर्धी सुट्टी गेली. तू माहेरी जायचीस तेव्हा पाकिटावर 'सौ.' लिहायची सवय. आता म्हणे 'श्रीमती' लिहायचं. माझा हात जात नाही. म्हणून नुसतं वहिनी. वयाने मोठी आहेस म्हणून नमस्कार, तेवढा धरून घे.

मी बरी आहे. तू बरी असशील असं धरून चालते. नसतीस तर कळवलं असतंस, दुखणं अंगावर काढणाऱ्यातली तू नाहीस. भाचीला आणि जावयांना विचारलं म्हणून सांग. नातवाचा दात पडला का? परवा फोनवर हलतो, हलतो म्हणून नुसता किंचाळत होता.

कागद बघून नाक मुरडू नकोस, कातरण आहे. जाड आहे, चांगला आहे, एका बाजूने तिरका कापला गेलाय इतकंच. शुद्धलेखन तर बघूच नकोस. जन्म गेला पुस्तकं शिवण्यात, पण वाचायचं म्हटलं की चौथीच्या पुढे माझं गाडं सरकत नाही.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू मध्ये बोलतेस. शिवाय तुझा फोन कायम सगळ्या घराला ऐकू जाईल असा लावलेला. मला जे सांगायचंय त्यात कुणी मध्ये तोंड घातलं तर मी परत सुरू करणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आधी बाकीचं सांगते. जिन्याचा कठडा एकदाचा दुरुस्त झाला. घरमालकाच्या दारात जाऊन उभी राहिले, म्हटलं, मी पडले तर तुमच्याच अंगावर पडेन अशी पडेन. दुसऱ्या दिवशी सुतार हजर. कारखान्यात नवीन कटिंग मशीन आलंय. जुनं मशीन कागद कापायचं, हे कागद कापतं आणि वर शिटी वाजवतं. फोरमन त्याच्याभोवती असा फिरतो जशी सूनच आणली घरात. हजेरीच्या रजिस्टरांचं मोठं काम चालू आहे, घड्या घातलेल्या कागदांचे फर्मे शिवून शिवून माझ्या अंगठ्याला परत भोक पडलंय. दादाच्या टेबलावर आता एक नवीन माणूस आहे. खळ बरी लावतो. बोलत नाही. दादासारखी पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला खळ जास्त लावत नाही, हे कबूल करायला मला चार महिने लागले.

आणि आमच्या रस्त्याला ती गाडी आली आहे.

फुप्फुसाचा फोटो काढतात ती गाडी, कॅन्सर आधी कळावा म्हणून. शाळेच्या मैदानात लावली आहे, शनिवारपर्यंत आहे. पन्नाशीच्या पुढचे आणि सिगरेट ओढणारे, त्यांच्यासाठी. खोकला नको, दुखणं नको, काही नको; काही व्हायच्या आत बघायचं. शुक्रवारी त्यांची नर्सबाई फॉर्मचा गठ्ठा घेऊन कारखान्यात आली. वहिनी, तीच नर्सबाई. तू जिला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये दहा माणसांसमोर म्हणालीस, "दोन आकड्यांसाठी माझा माणूस मारलात तुम्ही." तीच. केस पांढरे झालेत तिचे, पण ओळखू येते.

तिने मला ओळखलं. फोरमनचा फॉर्म भरून झाला, मग माझ्या टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "तुमचे भाऊ. मला आठवतात. दोन कमी पडले होते त्यांचे. मी तेव्हा मोठ्या डॉक्टरांना एकदा विचारायला हवं होतं. नियम नियम म्हणून मी परत पाठवलं."

मी म्हटलं, "सुई टोचेल, टेबलावर हात नका ठेवू."

ती उभीच. मग कामाला लागली. वय विचारलं, पंचावन्न. घरात कुणाला हा आजार झाला होता का, तिने स्वतःच 'हो' लिहिलं. म्हणाली, आता नियम बदललेत, घरातलं कुणी त्यात गेलं असेल तर तेही हिशोबात धरतात. कळलं का तुला? दादा गेला म्हणून माझे मार्क वाढले.

मग विचारलं, "सिगरेट ओढता का?"

मी म्हटलं, "नाही. पेटवते."

ती पेन थांबवून माझ्याकडे बघत राहिली. इथे सुट्टी संपल्याची घंटा झाली. मला वाटतं इथवरच आज.


मंगळवार, संध्याकाळी

कालचं वाचून तू म्हणशील, ही काय पेटवते? म्हणून आज स्वयंपाक नंतर, आधी हे.

तुला कारखाना बाहेरून माहीत आहे. आतलं सांगते. दादाचं खळीचं टेबल मागच्या दाराला लागून. दाराबाहेर अंगण, तिथे वाळूची बादली, ओढायची परवानगी तिथेच. आता खळ लावणाऱ्या माणसाचे दोन्ही हात कोपरापर्यंत बरबटलेले. सिगरेट ओढायची म्हणजे हात धुवा, पुसा, बाहेर जा, ओढा, परत या, तोवर खळ वाळते आणि पुठ्ठा वाकतो. म्हणून मी पेटवायची. नवऱ्याकडून परत आले आणि कारखान्यात लागले, त्याच आठवड्यापासून. उंबऱ्याबाहेर उभी राहून पेटवायची, धरेपर्यंत दोन झुरके घ्यायची, आणि आत हात घालून त्याच्या तोंडाला लावायची. त्याला पाहिजे असली की तो हाक मारत नसे. मान न उचलता हनुवटी जरा पुढे करायचा. तेवढं पुरे. माझी शिलाईची जागा दोन हातांवर होती, डोळ्याच्या कोपऱ्यातून हनुवटी दिसली की उठलेच मी.

कारखान्यात कुणी विचारलं तर मी हेच सांगायची. मी ओढत नाही, पेटवते. एकतीस वर्षं हेच सांगितलं. आणि मला ते खरंच वाटायचं. ओढणारा वेगळा, पेटवणारा वेगळा. हाताला वास येतो म्हणून तू एकदा मला म्हणालीस, "वन्सं, त्यांच्या शेजारी बसून तुमच्या पण अंगाला लागलाय बघा." मी म्हटलं, हो ना.

दोनाचे पुढे चार-पाच झुरके झाले. ते कधी झाले ते मला सांगता यायचं नाही. आणि तो गेल्यावर, आता ऐक, तो गेल्यावर मी पंधरा दिवसांनी कामावर गेले. बरोबर दहा वाजता उठले, उंबऱ्यावर गेले, पेटवली, झुरके घेतले आणि हात आत घातला. तिथे तो नवीन माणूस. घाबरून मागे सरला बिचारा. म्हणाला, "बाई, मी ओढत नाही." मग हातातल्या त्या पेटलेल्या सिगरेटचं काय करायचं? टाकवेना. उरलेली मी संपवली. तेव्हापासून सगळ्या मलाच संपवाव्या लागतात.

हे झालं माझं. हे काही मोठं नाही. एवढ्यासाठी मी कातरण घेऊन बसले नसते.

आता दादाचं. तू कायम सांगत आलीस, त्यांची दिवसाला दहा. लग्नाआधीही दहा, लग्नानंतरही दहा, मी अकरावी होऊ दिली नाही कधी. रोज रात्री शर्ट धुवायला टाकताना तू त्याचा खिसा बघायचीस. दहाचं पाकीट, रिकामं. बरोबर.

वहिनी, दहाचं एक पाकीट खिशात असायचं आणि दहाचं एक माझ्या सुयांच्या डब्यात.

वीस. पहिल्यापासून वीस. मीच पेटवत होते ना, मला नाही तर कुणाला माहीत असणार.

तू मला त्या घरात घेतलंस तेव्हा भाची पोटात होती तुझ्या. दोन खोल्या, त्यातली एक मला दिलीस. का परत आलीस, किती दिवस राहणार, एका शब्दाने विचारलं नाहीस. शेजारणीने विचारलं तर म्हणालीस, "तिचं घर आहे, ती आली." आणि मी तुझ्या नवऱ्याचं दुसरं पाकीट माझ्या डब्यात ठेवत होते. हे दोन्ही एकाच घरात चाललं होतं. मला कधी टोचलंही नाही. गंमत वाटायची. बहीण-भावाची खोडी वाटायची.

तुला तो दिवस आठवतो तसाच मला पण आठवतो. चार वर्षांपूर्वीचा. तूच त्याला मागे लागून तपासणीला नेलंस, मला म्हणालीस तुम्ही पण चला, तुमचं ऐकतात. तीन खुर्च्या. मध्ये तू. नर्सबाईने विचारलं, दिवसाला किती? तो म्हणाला, "दहा." तुझ्याकडे बघूनच म्हणाला. मग ती माझ्याकडे वळली. "तुम्ही बरोबर काम करता ना? दहाच का?"

मी तोंड उघडलं होतं. काय म्हणणार होते ते मला आजही माहीत नाही, देवाशप्पथ. तेवढ्यात तुझ्या पलीकडून त्याने हनुवटी पुढे केली.

इतकी वर्षं ती हनुवटी बघितली की त्याला जे हवं ते मी दिलेलं. विचार केला नाही. हातात सिगरेट नव्हती, शब्द होता, तो दिला. म्हटलं, "हो, दहाच. मीच पेटवून देते की, मोजून."

तिने गुणाकार केला. त्यांच्या हिशोबात पाकीट वीसचं; अर्धं पाकीट, छत्तीस वर्षं, अठरा. वीस लागतात. म्हणाली, "दोन कमी पडताहेत, तुम्ही यात बसत नाही. चांगलंच आहे म्हणा." आणि तू किती खूश झालीस, वहिनी. पायऱ्या उतरताना म्हणालीस, "बघा, माझ्या धाकाने वाचलात." वाटेत द्राक्षं घेतलीस, कागदाच्या पिशवीतून खात खात आलो आपण तिघं. तू बिया थुंकत होतीस आणि हसत होतीस. तुला तसं रस्त्यात खाताना मी आधी कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तो मला काय म्हणाला माहीत आहे? "पेटव एक. आयुष्यात पहिल्यांदा कमी मार्क पडून पास झालो."

आणि मी हसले. पोट धरून हसले. फोरमन विचारायला आला, काय झालं म्हणून.

दीड वर्षाने त्याच्या खोकल्यात रक्त आलं. पुढचं तुला माहीत आहे, तूच केलंस सगळं. डॉक्टर म्हणाले होते, वर्षभर आधी दिसलं असतं तर काढून टाकता आलं असतं. ते ऐकून तू त्या नर्सबाईला शोधत गेलीस. मी तुझ्या मागे उभी होते. तुझी पिशवी धरून. तू तिला जे जे बोललीस त्यातला शब्दन् शब्द माझ्या वाट्याचा होता. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. एवढंच केलं.

आता कळलं ना फॉर्म का अडला? ती मला विचारते, तुम्ही दिवसाला किती पेटवत होता? साधा प्रश्न आहे. पण मी पेटवल्या तेवढ्याच त्याने ओढल्या. माझा आकडा सांगितला की त्याचा सांगितला. वीस म्हटलं की चार वर्षांपूर्वीचे दहा खोटे. मी तिला म्हटलं, विचार करून सांगते. तिने फॉर्म माझ्याकडेच ठेवला. म्हणाली, शनिवारी दुपारपर्यंत या. आणि खरं सांगा, अंदाजाने नको.

अंदाजाने नको म्हणे.


बुधवार, सकाळी कामावर जायच्या आधी

काल सगळं लिहिलं असं वाटून झोपले. उठले तेव्हा कळलं की नाही लिहिलं. एक राहिलंय. तेच टाळायला बाकीचं भराभरा लिहिलं बहुतेक.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या महिन्यात एकदा तू चहा आणायला खाली गेली होतीस. तो खिडकीकडे तोंड करून पडला होता. मला वाटलं झोपलाय. मी त्याच्या शर्टाचं बटण लावत होते. तो तसाच, मान न वळवता म्हणाला, "त्या दिवशी तू वीस म्हणाली असतीस तर."

रागाने नाही म्हणाला. पुठ्ठा जरा तिरका बसला तर म्हणायचा ना, तसं.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "तू म्हणाला असतास तर."

असं म्हणाले मी त्याला. छातीत नळी होती त्याच्या. माझी जीभ तुला माहीत आहे, आधी बोलते मग मी येते. तो खिडकीकडेच बघत म्हणाला, "ते पण आहे." मग तू चहा घेऊन आलीस आणि म्हणालीस, "काय चाललंय भावा-बहिणीचं?" आम्ही दोघं एकदम म्हणालो, काही नाही. बघ, तिथेही एकदम. पुढे सव्वीस दिवस होता तो, पण तो विषय आम्ही परत काढला नाही.

तुला काय वाटेल ते वाटू दे. मी माफी मागत नाही, माफी मागितली की समोरच्याला काहीतरी म्हणावं लागतं. तू काही म्हणू नकोस.

पण जायचं की नाही हे मला ठरवायचंय आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला ठरवता येईना. गेले चार दिवस मी असं म्हणते, कशाला जायचं? खोकला नाही, दम लागत नाही, चार जिने चढते. आणि समजा निघालंच काही, तर बरंच की, दादाचं जे झालं ते माझं होईल, फिट्टंफाट. हे मी फोरमनला म्हटलं तर तो म्हणाला, "बाई, तुम्ही मेलात तर रजिस्टरं कोण शिवणार?" त्याला दुसरं काही सुचत नाही.

पण भीती ती नाही, वहिनी. निघालं तर मी बघून घेईन. नाही निघालं तर? त्या गाडीत जाऊन झोपायचं, दादा गेला म्हणून मिळालेल्या जागेवर, आणि त्यांनी सांगायचं, बाई, तुम्ही ठणठणीत आहात, घरी जा. मग मी घरी येऊन काय करू? त्याला एका आकड्याने ते मिळालं असतं. तो आकडा माझ्या तोंडात होता.

म्हणून जायचं नव्हतं. फॉर्म फाडणार होते. कालपर्यंत.

आज सकाळी असं वाटलं, की मी गेले नाही तर ती नर्सबाई आयुष्यभर असंच समजणार, की तिने एक माणूस नियमात धरून मारला. आणि तूही तेच समजत राहणार. एक खोटं दोन बायका पाठीवर घेऊन चालताहेत आणि जिचं आहे ती इकडे मजेत फर्मे शिवते. हे काही बरं नाही. मी फटकळ आहे, तोंडाळ आहे, पण दुसऱ्याच्या गळ्यात आपलं ओझं टाकणारी नाही, असं मला वाटत होतं.

तर मी जाते. शनिवारी. तुझ्या उत्तराची वाट बघत नाही. तू 'जाऊ नका' म्हटलंस तर मला निमित्त मिळेल आणि 'जा' म्हटलंस तर मला रडू येईल. दोन्ही नको. हे आज जाताना टाकते.

तुझ्या घरात राहून तुझ्याशी खोटं बोललेली,
तुझी वन्सं


शनिवार, तारीख चौदा

वहिनी,

हे लहान पत्र आहे, घाबरू नकोस. पहिलं पोचलं असेल. नसेल तर आधी ते वाच.

जाऊन आले. गाडी म्हणजे आतून स्वच्छ, आपल्या घरापेक्षा. नर्सबाई एकटीच होती. मी बसायच्या आधीच म्हटलं, नाही तर परत पळाले असते, "वीस."

तिने विचारलं, "हे तुमचं?"

म्हटलं, "हे माझ्या भावाचं. माझे त्यातलेच झुरके. त्या दिवशी मी दहा म्हटलं ते खोटं होतं. तो पण खोटं बोलला. वहिनीला काही माहीत नव्हतं, ती खरंच दहा समजत होती."

तिने फॉर्मच्या कडेला दादाचे आकडे परत मांडले. एक पाकीट, छत्तीस वर्षं, छत्तीस. एवढ्याशा गुणाकाराला तिने तीनदा गिरवलं. मग पेनाला टोपण लावलं आणि गाडीच्या पायरीवर जाऊन उभी राहिली, पाठ माझ्याकडे. मी बसून राहिले. भिंतीवर एक चित्र होतं फुप्फुसांचं, ते बघितलं. पुस्तक उघडून पालथं ठेवल्यासारखं दिसतं.

परत आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, "म्हणजे माझा गुणाकार बरोबर होता."

म्हटलं, "बरोबर होता."

"तुम्ही त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये होतात. बॅग धरून."

"होते."

मला वाटलं आता देईल एक ठेवून. दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "झोपा. हात डोक्याच्या वर." बाकी सगळं नीट केलं तिने. पायावर चादर घातली. फक्त माझ्याकडे परत बघितलं नाही.

मशीन बोलतं. श्वास घ्या, धरा, सोडा. माझ्यासारखंच तुसडं बोलतं. पाच मिनिटंसुद्धा नाही लागली, वहिनी. पाच मिनिटं. मी आडवी होऊन छताकडे बघत होते आणि मनात एवढंच, इतकंसंच होतं का ते.

आता खरं काम. दोन आठवड्यांत निकाल. काही वाईट दिसलं तर ते फोन करतात, लगेच बोलावतात. फोन माझाच दिलाय, आला तर मी उचलीन, जे काय कापायचं ते कापून घेईन, सुट्टी मागीन. त्याची काळजी करू नकोस. काही नसलं तर फोन येत नाही, टपालाने पाकीट येतं.

पाकिटासाठी मी तुझा पत्ता दिलाय.

नर्सबाई म्हणाली असं करता येत नाही, निकाल पेशंटकडे जातो. म्हटलं, पेशंटला नीट वाचता येत नाही असं लिहा. म्हणाली, सही तर केलीत. म्हटलं, सहीपुरतंच येतं. शेवटी लिहिला तिने पत्ता. 'नातं' म्हणून एक रकाना होता, तिथे काय लिहू म्हणाली. मी म्हटलं, भावाची बायको. मग म्हटलं, खोडा, जवळचं माणूस लिहा.

हा तुझ्यावर अन्याय आहे, मला कळतं. पण मी वाचले ही बातमी माझ्या हाताने उघडायला मला तोंड नाही. दुसऱ्या कुणी ती वाचून 'बरं झालं' म्हटलं तर मला सोसायचं नाही. ते म्हणायचं असलं तर तुलाच म्हणता येईल. म्हणायचं नसलं तर पाकीट ठेवून दे, फाडून टाक, काही कर. पंधरा दिवसांत फोन नाही आला तर मी आपली समजून घेईन आणि कामावर जाईन. तुला विचारणार नाही.

पण तू उघडलंस, आणि तुला मनापासून वाटलं की वन्सं वाचल्या ते बरं झालं, तर दोन शब्द लिही. तेवढेच लिही, दुसरं काही नको. आणि मनापासून वाटत नसेल तर माझ्यासाठी म्हणून लिहू नकोस. आपल्या घरात एवढं खोटं झालं ते पुरे.

'वाट बघत नाही' असं इथे लिहिलं होतं, ते खोडलंय. तुला खाडाखोड दिसेल.

वाट बघणारी,
तुझी वन्सं